शिशाला +४ नको असतं, मग बॅटरीत ते किलोकिलोनं काय करतंय?

होटगी_नाका

मंडळी, मी बीएस्सी केमिस्ट्री, पण पंचवीस वर्षांपूर्वीचा. नंतर केमिस्ट्रीशी संबंध उरला तो एवढाच की इन्व्हर्टरच्या आणि गाड्यांच्या बॅटऱ्या विकतो, दुरुस्त करतो. लेक यंदा बारावीला आहे. परवा ती दुकानात डबा घेऊन आली तेव्हा एक मेलेली बॅटरी मी फोडून ठेवली होती. पॉझिटिव्ह प्लेट चॉकलेटी, निगेटिव्ह राखाडी, आणि दोन्हींवर पांढुरका थर चढलेला. डबा खाली ठेवून पोरगी वाकून बघायला लागली.

"पप्पा, ही चॉकलेटी म्हणजे लेड डायऑक्साइड ना? म्हणजे इथं शिसं +४ आहे, चार इलेक्ट्रॉन दिलेलं. पण क्लासचे सर म्हणतात शिशाला +४ नको असतं, +२ हवं असतं. नको असतं तर इथं एवढं कशाला भरलंय?"

मी ऐटीत सांगितलं, इनर्ट पेअर इफेक्ट. तर म्हणते, "ते नाव झालं. कारण सांगा."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून सुटलो. पण खरं सांगतो, मला कारण येत नव्हतं. परीक्षेला मीही तेवढंच लिहिलं होतं, दोन मार्क मिळवले होते आणि पुढं निघालो होतो. इथं कुणी नीट समजावेल का? पोरीला सांगायचंय, आणि तिच्याआधी मला.

दुसरी_बॅच

होटगी_नाका, लेकीला माझ्याकडून शाबासकी. अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, सतरा वर्षं झाली. "ते नाव झालं" असं तोंडावर म्हणणारं कुणी अजून भेटलं नाही, आणि भेटलं असतं तर माझीही पंचाईत झाली असती.

आधी काय दिसतं ते सांगते. तेराव्या गटात ॲल्युमिनियम, गॅलियम, इंडियम तिघंही +३ मध्ये निवांत. थॅलियमपाशी आलं की चित्र पालटतं. थॅलियम +३ ला दोन इलेक्ट्रॉन ओढून +१ व्हायची इतकी घाई, की त्याचं प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन ओढायचा जोर, व्होल्टमध्ये) +१.२५ व्होल्ट भरतं. चौदाव्या गटात कथलाचं +४ वरून +२ ला येण्याचं विभव जेमतेम +०.१५, आणि लेड डायऑक्साइडचं ॲसिडमध्ये +१.४६. म्हणून स्टॅनस क्लोराइड, म्हणजे कथलाचं +२ चं क्लोराइड, बाटलीत रिड्यूसिंग एजंट (इलेक्ट्रॉन देणारं), आणि कथलाच्याच खालच्या घरातल्या शिशाचं लेड डायऑक्साइड जबर ऑक्सिडायझिंग एजंट (इलेक्ट्रॉन ओढणारं). एक +२ वरून वर जायला बघतंय, दुसरं +४ वरून खाली यायला.

पंधराव्या गटात बिस्मथ +३ वर खूश. त्याचं +५ बघायचं असेल तर सोडियम बिस्मथेट. मँगनीजच्या मिठाचं जवळजवळ बिनरंगी द्रावण घ्यायचं, थंड नायट्रिक ॲसिड घालायचं, वर चिमूटभर बिस्मथेट. परीक्षानळी जांभळी होते. बिस्मथ स्वतः +५ वरून +३ ला घसरतं आणि घसरता घसरता मँगनीजला +२ वरून थेट +७ वर चढवतं. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा या वेळी मोबाइल खाली ठेवतात.

हे "इनर्ट पेअर" नाव रसायनशास्त्रज्ञ सिजविक यांनी १९२७ साली दिलं. बाहेरच्या कक्षेतली एस इलेक्ट्रॉनांची जोडी बंधात उतरत नाही, बाजूला बसून राहते, एवढंच त्या नावात आहे. का बसून राहते, ते नावात नाही. तिथं तुमची लेक बरोबर.

बे_ऐक_की

म्हणजे आमच्या थोरल्या मामासारखं. लग्नाला येतंय, पंगतीला पहिल्या रांगेत बसतंय, पण टेम्पो भरायचा म्हटलं की दिसत नाय. जोडी हाय, पण कामाची नाय. सोप्पंय की बे, एवढं काय डोकं लावालालाव.

पुण्यात_अडकलेला

मामा झकास आहे, पण मामानं काम का टाळलं हा प्रश्न उरतोच. बहुतेक ठिकाणी उत्तर असं छापलेलं असतं: खाली गेलं की एस इलेक्ट्रॉन केंद्राला घट्ट धरलेले असतात, ते काढायला फार ऊर्जा लागते, म्हणून ते निघत नाहीत. मीही सोलापुरात हेच पाठ केलं. पुढं पीएचडीला आल्यावर गाईडनं तक्ता समोर टाकला आणि म्हणाले, स्वतः बेरीज करून बघ.

तुम्हीही करा. दुसरी आणि तिसरी आयनन ऊर्जा (दुसरा आणि तिसरा इलेक्ट्रॉन काढायचा खर्च) मिळवायची, कारण +१ वरून +३ ला जाताना तेवढाच खर्च जादा पडतो. इंडियमला सुमारे ४५२५ किलोजूल प्रति मोल. थॅलियमला ४८४९. वाढलं, बरोबर. आता गॅलियम बघा: ४९४२. थॅलियमपेक्षाही जास्त! खर्चावरच सगळं ठरत असतं तर गॅलियमनं +३ ला कधी हात लावला नसता. पण गॅलियम +३ मध्ये मजेत आहे.

तेव्हा नुसता खर्च बघून चालत नाही, वसुली बघायला लागते. दोन इलेक्ट्रॉन मोकळे केले की दोन बंध जादा बांधता येतात, आणि बंध बांधला की ऊर्जा परत मिळते. एका बंधामागं ही मिळकत किती? ट्रायक्लोराइडांचे (तीन क्लोरीनवाल्यांचे) सरासरी आकडे, किलोजूल प्रति मोलमध्ये: गॅलियम–क्लोरीन २४२, इंडियम–क्लोरीन २०६, थॅलियम–क्लोरीन १५३. अणू मोठा होत गेला, त्याची बाहेरची कक्षा पसरट झाली, क्लोरीनशी तिचा मेळ ढिला पडत गेला. थॅलियमचा खर्च इंडियमपेक्षा वाढला आणि वसुली मात्र घटली. हा हिशोब रसायनशास्त्रज्ञ ड्रॅगो यांनी १९५८ च्या सुमाराला नीट मांडला.

पूर्वभाग_माग

केमिस्ट्री मला शून्य. पण हे कळलं. आमच्याकडं सुताचा भाव वाढला म्हणून माग बंद पडत नाही. सूत महाग झालं आणि वर चादरीचा भाव पडला, की मग बंद. गॅलियम महागाचं सूत घेतंय, पण माल चढ्या भावानं उचलला जातोय. थॅलियम महागाचं सूत घेतंय आणि माल पडत्या भावानं. दोन माग बंद ठेवून एकच चालवलेला परवडतो त्याला.

बरोबर का?

पुण्यात_अडकलेला

बरोबर. फक्त एक दुरुस्ती: थॅलियमचं सूत गॅलियमपेक्षा उलट थोडं स्वस्तच पडतं. तरी धंदा बसतो, म्हणजे भाव किती पडला असेल बघा. माझ्या व्हायव्हाला तुम्हाला बसवायला हवं होतं.

होटगी_नाका

हे बेस झालं. खर्च आणि वसुली. पोरीला आजच रात्री सांगतो.

पण मूळ प्रश्न तसाच राहिला ना? शिशाचा +४ चा धंदा तोट्याचा, तर लेड डायऑक्साइड मुळात बनतंच कसं? आणि बरणीत वर्षानुवर्षं राहतंच कसं? आमच्याकडं नव्या प्लेटा गोदामात पडून असतात, काही होत नाही त्यांना.

पुण्यात_अडकलेला

दादा, गिऱ्हाईक कोण आहे ते बघा. ऑक्सिजन आणि फ्लोरीन रोखीनं आणि चढा भाव देतात, त्यांचे बंध दणकट. म्हणून लेड डायऑक्साइड आहे, लेड टेट्राफ्लोराइडही आहे. क्लोरीनचा भाव कमी. लेड टेट्राक्लोराइड बनतं, पण पिवळं तेलकट द्रव, थंडीत जपून ठेवावं लागतं. पन्नास अंशांच्या आसपास ते क्लोरीन सोडून +२ चं क्लोराइड होऊन बसतं. आपल्याकडं मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत विसरलात तर संपलं. आयोडीनचा भाव तर इतका पडेल, की लेड टेट्राआयोडाइड नावाचा पदार्थच नाही.

थॅलियमची गंमत याहून वरची. थॅलियम ट्रायआयोडाइड नावाचा काळा पदार्थ खरोखर मिळतो. सूत्र बघून वाटतं +३ असणार. आत डोकावलं तर थॅलियम +१ आणि तीन आयोडीन एकत्र जोडलेला ट्रायआयोडाइड आयन. पाटी एकाची, दुकान दुसऱ्याचं.

बिस्मथचंही तसंच: पाच फ्लोरीन घेतलेलं बिस्मथ पेंटाफ्लोराइड आहे, पेंटाक्लोराइड नाही.

म्हणून "+४ टिकाऊ आहे का" असं अर्धवट विचारलं की उत्तर चुकतंच. कुणासोबत, हे आधी सांगावं लागतं. आणि बरणीत टिकणं वेगळं, समोर कुणी इलेक्ट्रॉन द्यायला उभं असताना टिकणं वेगळं. तुमची प्लेट गोदामात शांत आहे, कारण तिला कुणी इलेक्ट्रॉन देत नाही. ॲसिडात बुडवून समोर राखाडी प्लेट ठेवा आणि तार जोडा, मग बघा.

होटगी_नाका

थांबा थांबा. आता माझ्या हातातलं आलं.

म्हणजे राखाडी प्लेटेत शिसं शून्यावर आहे, धातू. चॉकलेटी प्लेटेत +४ वर. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट धरतं, आणि ते +२. म्हणजे एक खालून वर चढतंय, एक वरून खाली उतरतंय आणि दोघं +२ वर भेटतात. हाच तो पांढुरका थर! आम्ही रोज म्हणतो "सल्फेट धरलंय, प्लेट बसली", ती बसते कुठं तर शिशाच्या आवडत्या घरात. ॲसिडातलं सल्फेट प्लेटांवर गेलं, मागं पाणी उरलं, म्हणून हायड्रोमीटर टाकला की ग्रॅव्हिटी १२५० वरून खाली आलेली. चार्जिंगला लावतो म्हणजे मी विजेचा जोर देऊन त्या सल्फेटाला पुन्हा दोन टोकांना हाकलतो. आणि महिनोन्‌महिने उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की सल्फेटचे खडे मोठे होतात, मग ते हाकलले जात नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी खराब दिली.

वीस वर्षं शिशाची ही नावडच विकतोय मी.

दुसरी_बॅच

अगदी हेच. पुस्तकात बॅटरी विद्युतरसायनात असते आणि इनर्ट पेअर पी-ब्लॉकमध्ये. दोन वेगळे धडे. मुलं दोन्ही पाठ करतात आणि दोन्ही एकच आहेत हे कुणी सांगत नाही. मीही सांगत नव्हते, कबूल. १८५९ मध्ये प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे गुंडाळून पहिली अशी बॅटरी केली, तेव्हा सिजविक जन्मालासुद्धा आले नव्हते.

आजोळ_बार्शी

विषयाला फाटा फोडते, रागावू नका. माझ्या आजोळी वेशीतल्या मारुतीला शेंदूर लावायचे, तेलात खलून. थरावर थर चढून मारुतीचं नाक कुठं, डोळे कुठं, कळत नसे. एकदा सगळी खोळ गळून पडली, आत छोटीशी रेखीव मूर्ती निघाली, तेव्हा म्हाताऱ्या रडल्या होत्या. तर शेंदूर म्हणजे शिसंच ना? त्यात ते +२ का +४?

दुसरी_बॅच

दोन्ही! तुम्ही फाटा फोडला नाहीत, मुद्द्यावर आणलंत.

अस्सल शेंदूर म्हणजे रेड लेड. तीन शिसं, चार ऑक्सिजन. त्यातलं दोन भाग शिसं +२ आणि एक भाग +४, एकाच केशरी पुडीत. मुरदाडशिंग, म्हणजे +२ चं लेड ऑक्साइड, हवेत साडेचारशे-पाचशे अंशांवर भाजत राहिलं की शेंदूर होतो. फार तापवला की ऑक्सिजन सोडून पुन्हा मुरदाडशिंग. +४ कितपत टिकतं याचा नमुनाच.

हे डोळ्यांनी बघता येतं. मी वर्गात करून दाखवते, काचेच्या कपाटाआड. शेंदरावर विरळ नायट्रिक ॲसिड घातलं की केशरी रंग बघता बघता चॉकलेटी होतो. +२ वालं शिसं नायट्रेट होऊन द्रावणात उतरतं, +४ वालं लेड डायऑक्साइड होऊन तळाला बसतं. तोच होटगी_नाका यांच्या प्लेटेचा रंग. वरचं पाणी गाळून घेतलं आणि पोटॅशियम आयोडाइड टाकलं की पिवळाजर्द साका. तो गरम पाण्यात विरघळवून निवू दिला की सोन्याच्या टिकल्यांसारखे स्फटिक नळीत तरंगत खाली येतात. आयोडीनसोबत शिसं +२ मध्येच कसं खूश असतं ते तिथं दिसतं.

दोन सूचना. शिसं विषारी आहे. लहान मुलांच्या कपाळाला, हाताला शेंदूर लागू देऊ नका, आणि घरी हे प्रयोग नकोत. आणि नायट्रिकच्या जागी चुकूनही हायड्रोक्लोरिक ॲसिड नको, +४ वालं शिसं त्यातून क्लोरीन वायू काढतं.

जुनं_डाईंग

वडील सुताच्या डाईंगमध्ये होते. छपाईला टिन सॉल्ट यायचं, म्हणजे तुमचं स्टॅनस क्लोराइड. रंगवलेल्या कापडावर ते छापलं की तिथला रंग मरायचा आणि नक्षी उठायची. या टिन सॉल्टचं पाणी उघडं राहिलं की दुसऱ्या दिवशी गढूळ. वडील म्हणायचे, हवा लागली. आणि बरणीत कथलाचे दोन तुकडे टाकून ठेवायचे. ते का टाकायचे ते मला आज, या धाग्यावर, अंदाजानं कळतंय. खुलासा कराल?

पुण्यात_अडकलेला

अंदाज बरोबरच असणार. हवेतला ऑक्सिजन कथलाला +२ वरून +४ वर नेतो. कथील जायला तयारच असतं, त्याचा +४ चा धंदा नफ्यात आहे. गढूळपणा थोडा पाण्यामुळं येतो आणि थोडा या ऑक्सिडेशनमुळं. बरणीत धातूचं कथील असलं की शून्यवालं आणि +४ वालं मिळून पुन्हा दोन +२ होतात. शिशाच्या बॅटरीत जे होतं त्याच जातीचं, फक्त इथं ते +२ टिकवून धरायला वापरलंय. तुमच्या वडिलांनी गटातलं कथील आणि शिसं यांच्यातला फरक बरणीत बांधून ठेवला होता.

आजही हीच डोकेदुखी आहे. पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकांच्या सोलर सेलमध्ये शिसं +२ असतं. विषारी म्हणून त्याच्या जागी कथील घालून बघतात, तर हवा लागली की ते +४ ला पळतं आणि सेल बिघडतो. शिसं पळत नाही. आमच्या शेजारच्या लॅबमधली पोरं नायट्रोजनच्या पेटीत हातमोजे घालून दिवसभर बसतात, कारण हेच.

बे_ऐक_की

आन आमच्या गल्लीतला कल्हईवाला? नवसागर, भाता, कापसाचा बोळा, भांडं चकाक. त्याचं कथील कुठल्या स्टेटमधलं?

दुसरी_बॅच

शून्य. धातूच. पण त्यानं स्वस्ताईसाठी कथलात शिसं मिसळलंय का, हे विचारत जा. चुलीवरच्या भांड्यात ते नको.

सिद्धेश्वर_तलावकाठ

छान चाललंय, पण मला एक पटत नाही. खर्च-वसुली ठीक, मग कथलाचा हिशोब जमतो आणि शिशाचा एकदम एवढा का कोसळतो? एक घर खाली गेलं की फरक पडावा, पण इतका? ०.१५ वरून १.४६?

पुण्यात_अडकलेला

हा प्रश्न येईल म्हणून वाट बघत होतो. दोन कारणं. एक, शिशाच्या आधी लँथेनाइड रांग भरून जाते. ४एफ कक्षेतले चौदा इलेक्ट्रॉन केंद्राला नीट झाकत नाहीत, त्यामुळं बाहेरच्या ६एस जोडीला केंद्राची ओढ अपेक्षेपेक्षा जास्त लागते. दुसरं कारण सापेक्षता. हो, आइनस्टाइनवाली.

सिद्धेश्वर_तलावकाठ

आता बॅटरीत आइनस्टाइन? काहीही काय. ते तारे-ग्रह, प्रकाशाचा वेग वगैरे.

पुण्यात_अडकलेला

वेग शिशातही आहे हो. ढोबळ हिशोब: सर्वांत आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनाचा वेग प्रकाशाच्या तुलनेत अणुक्रमांक भागिले १३७. शिशाचा अणुक्रमांक ८२. म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या साठ टक्के. एवढ्या वेगाला इलेक्ट्रॉन सव्वापट जड वागतो आणि त्याची कक्षा आत ओढली जाते. बाहेरचे ६एस इलेक्ट्रॉनही अधूनमधून केंद्राच्या अगदी जवळून फिरून येतात, एस कक्षेचा स्वभावच तो. त्यामुळं तीही आक्रसते आणि जोडी आणखी घट्ट धरली जाते. कथलाचा अणुक्रमांक ५०, तिथं हा परिणाम बराच कमी.

आता ऐका. २०११ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये राजीव आहुजा, पेक्का प्युक्क्यो आणि सहकाऱ्यांनी शिशाच्या बॅटरीचाच हिशोब केला. एका सेलचं व्होल्टेज सुमारे २.१. त्यातले १.७ ते १.८ व्होल्ट निव्वळ सापेक्षतेमुळं, आणि त्यातला मोठा वाटा लेड डायऑक्साइडचा! सापेक्षता बंद करून गणित मांडलं की सेल जवळजवळ मेलेलाच. कथलाची अशी बॅटरी का होत नाही, तेही यातून कळतं.

होटगी_नाका

मीटर हातात घेऊन लिहितोय. समोर फुल चार्ज बॅटरी आहे, सहा सेलची, १२.७ दाखवतेय. तुमच्या हिशोबानं आइनस्टाइन काढून घेतला तर सेलमागं ०.३ ते ०.४ उरणार. सहा सेलचे मिळून दोन, फार तर अडीच व्होल्ट. यावर रिक्षाचा हॉर्नसुद्धा वाजणार नाही.

सिद्धेश्वर_तलावकाठ

माघार घेतो. पण नियम तरी पक्का झाला ना? खाली जाल तसं वरची ऑक्सिडेशन स्टेट कमजोर, बस.

दुसरी_बॅच

नाही हो, इथंच मुलं फसतात. पंधराव्या गटात फॉस्फरस पेंटाक्लोराइड आहे, अँटिमनी पेंटाक्लोराइडही आहे, मधल्या आर्सेनिकचं मात्र १९७६ पर्यंत कुणाला करता आलं नव्हतं, आणि केलं तेही उणे पन्नासच्या आसपास मोडतं. हॅलोजनात (क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन) परक्लोरेट आहे, परआयोडेट आहे, मधलं परब्रोमेट १९६८ मध्ये पहिल्यांदा बनलं. म्हणजे चौथी ओळ मधेच पाय अडकून पडते. तिथं ४एफच्या जागी नुकतीच भरलेली ३डी रांग असते, तीही केंद्राला नीट झाकत नाही. गॅलियमची आयनन ऊर्जा एवढी का, त्याचंही हेच मूळ. जिना सरळ उतरत नाही, एक पायरी उंच, एक पायरी खोल, असा आहे.

पुण्यात_अडकलेला

मॅडमना अनुमोदन. आणखी एक. "इनर्ट" शब्दावरही फार विसंबू नका. ती जोडी बंध करत नाही, पण जागा अडवते. तांबड्या लेड ऑक्साइडमध्ये शिसं चौकोनी पिरॅमिडच्या टोकाला बसतं, चारही ऑक्सिजन एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला ही जोडी पसरलेली. मामा काम करत नाही, पण सोफ्यावर आडवा झालाय, बाकीच्यांना कोपऱ्यात सरकावं लागतं.

बे_ऐक_की

बघा, शेवटी मामाच लागला की तुमाला.

जुनं_डाईंग

थॅलियमचं नाव इतक्या वेळा आलं म्हणून विचारतो, ते उंदराच्या औषधात असायचं तेच ना?

दुसरी_बॅच

तेच, आणि त्याचं कारणही याच धाग्यात बसतं. थॅलियम +१ मध्ये राहतं म्हणून ते पोटॅशियमसारखं वागतं. आयनाची त्रिज्या १५० पिकोमीटर, पोटॅशियमची १३८. शरीर फसतं आणि पेशीत आत घेतं. थॅलियम हायड्रॉक्साइडसुद्धा पाण्यात विरघळून कडक अल्कली होतं, ॲल्युमिनियमच्या गटातलं वाटतच नाही. उतारा म्हणून प्रशियन ब्लू देतात, तो निळा रंगच. १८६१ मध्ये क्रुक्स यांना ते वर्णपटातल्या हिरव्या रेषेवरून सापडलं, म्हणून हिरव्या कोंबावरून नाव. नाव किती गोड, माल किती घातक.

होटगी_नाका

काल रात्री पोरीला बसवून सगळं सांगितलं. वहीत तिनं दोन रकाने केले, खर्च आणि वसुली, गॅलियम-इंडियम-थॅलियमची बेरीज स्वतः केली. मागाचं उदाहरण तिला लगेच समजलं, तिची मैत्रीण पूर्व भागातलीच आहे.

आज क्लासमध्ये चाचणी होती. "शिशाचं +४ ऑक्सिडायझिंग का?" दोन मार्कांना. हिनं बंधऊर्जा लिहिली, आकडे लिहिले, इनर्ट पेअर हे शब्द लिहिले नाहीत. सरांनी एक मार्क कापला. घरी आल्यापासून बोलत नाही.

दुसरी_बॅच

अरेरे. तिला सांगा, बोर्डाला पहिल्या ओळीत "इनर्ट पेअर इफेक्ट" लिहून खाली रेघ मारायची, मग तिचं कारण. तपासणारा दिवसाला ढीगभर पेपर बघतो, तो आधी शब्द शोधतो. कारण वाचलं तर ठीक, नाही तर शब्दाला मार्क आहेतच. माझ्याकडं लेड डायऑक्साइडवर एक चांगला लेख आहे, रविवारी कॉलेजच्या लॅबमध्ये घेऊन या तिला. शेंदराचा प्रयोगही दाखवते.

होटगी_नाका

रविवारी नक्की. ती म्हणते तिला चॉकलेटी रंग होताना बघायचाय. आणि तिनं विचारलंय, बॅटरीतली प्लेट खरवडून आणली तर मँगनीजचं द्रावण जांभळं होईल का, बिस्मथेटसारखं?

पुण्यात_अडकलेला

होईल. नायट्रिक ॲसिडात, पण गरम करावं लागेल. बिस्मथेटला थंडीतही जमतं, लेड डायऑक्साइडला थोडी ऊब लागते. फक्त प्लेट आधी पाण्यानं चांगली धुवा, आणि खरवडताना हातमोजे घाला. खरवडायचं दुकानात, पोरीला त्या धुळीत उभं करू नका.

होटगी_नाका

जुनीच प्लेट आहे, तिसऱ्या सेलमधली. धुवायला टाकली.